‘घ’ की ‘ध’? क्षणात होणाऱ्या दृश्य निर्णयांचे मॉडेल कसे बांधावे

‘घन’ आणि ‘धन’ या दोन शब्दांतला फरक पहिल्या अक्षराच्या डोक्याशी असतो. ‘घ’वर शिरोरेषा सलग जाते, तर ‘ध’वर ती तुटते आणि तिथे एक लहानशी गाठ येते. सरावाचा वाचक हा फरक सेकंदाच्या काही दशांशांत ओळखतो. पण छपाई फिकट असेल किंवा कागदावर डाग पडले असतील, तर तोच वाचक क्षणभर अडखळतो आणि कधी चुकतोही. हे अडखळणे आणि हे चुकणे एकाच प्रक्रियेतून कसे निर्माण होते, हे गणिताने मांडणे म्हणजे जलद दृश्य वर्गीकरणाचे मॉडेल बांधणे होय. असे मॉडेल एखाद्या विद्यार्थ्याला साधा संगणक, कळफलक आणि पायथन किंवा आर यांपैकी एका प्रोग्रामिंग भाषेची ओळख एवढ्या भांडवलावर बांधता यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

माणसाची दृष्टी किती वेगाने वर्गीकरण करते, याचा अंदाज सायमन थॉर्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९६ च्या प्रयोगावरून येतो. त्यात निसर्गदृश्यांची छायाचित्रे फक्त २० मिलिसेकंद दाखवून त्यांत प्राणी आहे की नाही हे ओळखायचे होते. प्राणी असलेल्या आणि नसलेल्या चित्रांना मेंदूच्या विद्युत-संकेतांनी दिलेला प्रतिसाद सुमारे १५० मिलिसेकंदांतच वेगळा होऊ लागला. हाताने उत्तर द्यायला मात्र याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि त्या उरलेल्या वेळात काय घडते हाच आपला विषय आहे.

सरासरी का पुरत नाही

दोन वाचकांना डाग पडलेली ‘घ’ आणि ‘ध’ ही अक्षरे दाखवली, अशी कल्पना करावी. पहिल्या वाचकाची अचूकता ८८ टक्के आणि सरासरी प्रतिक्रियाकाल ०.५४ सेकंद भरला, तर दुसऱ्याची अचूकता ९६ टक्के आणि सरासरी काळ ०.७२ सेकंद भरला. अक्षर अधिक स्पष्ट कोणाला दिसते? केवळ अचूकता पाहणारा दुसऱ्याचे नाव घेईल आणि केवळ वेळ पाहणारा पहिल्याचे. पुढे आपण हिशेब करून पाहू, तेव्हा दोघांनाही अक्षर तितकेच स्पष्ट दिसत असून फरक फक्त सावधपणाचा आहे, असे निघेल. अचूकता आणि वेळ यांचे वेगवेगळे तक्ते करून प्रत्येकावर स्वतंत्र सांख्यिकी चाचणी लावण्याची पद्धत अजूनही सर्रास दिसते. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत महागडी चूक हीच आहे, कारण त्यामुळे सावध माणूस ‘मंद’ ठरतो आणि घाईचा माणूस ‘कमी दिसणारा’ ठरतो.

मॉडेलचा गाभा

या लेखात वापरलेले डिफ्यूजन मॉडेल रॉजर रॅटक्लिफ यांनी १९७८ मध्ये स्मरणशक्तीच्या संदर्भात मांडले. त्याचे एक मूळ अब्राहम वाल्ड यांच्या क्रमिक चाचणीत आहे. पुरावा एकेक करून जमवायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेपाशी पोहोचताच निर्णय द्यायचा, ही ती कल्पना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विकसित झाली. (वाल्ड यांचा मृत्यू डिसेंबर १९५० मध्ये भारताच्या व्याख्यान-दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरात झालेल्या विमान अपघातात झाला.)

अक्षर दिसू लागताच मनात पुराव्याची एक बेरीज सुरू होते, असे मॉडेल मानते. ही बेरीज दोन उंबरठ्यांच्या मध्ये कुठेतरी सुरू होते. वरचा उंबरठा ‘घ’चा, खालचा ‘ध’चा. प्रत्येक क्षणी तिच्यात थोडा खरा कल मिसळतो आणि त्याबरोबर बराच यादृच्छिक गोंधळ मिसळतो. ती ज्या उंबरठ्याला प्रथम टेकते ते उत्तर ठरते, आणि टेकायला लागलेला वेळ हा निर्णयकाळ ठरतो.

यातून चार प्राचल, म्हणजे मॉडेलचे वर्तन ठरवणारे चार आकडे, मिळतात. ‘पुराव्याचा वेग’ म्हणजे बेरीज योग्य दिशेने सरासरी किती झपाट्याने सरकते. अक्षर जितके स्पष्ट, तितका हा वेग अधिक. ‘उंबरठ्यांमधील अंतर’ म्हणजे सावधपणा. ‘आरंभबिंदू’ म्हणजे पाहण्याआधीच एखाद्या उत्तराकडे असलेला कल. ‘निर्णयेतर वेळ’ म्हणजे डोळ्यांपासून प्रतिमा आत पोहोचायला आणि बोटाने कळ दाबायला लागणारा काळ, ज्यात निर्णय होत नसतो. उंबरठे लांब ठेवले की गोंधळाच्या हेलकाव्याने चुकीच्या बाजूला जाण्याची शक्यता घटते, पण वेळ वाढतो. अचूकता आणि वेग यांची ओढाताण मॉडेलमध्ये वेगळी घालावी लागत नाही. ती याच भूमितीतून आपोआप येते.

अक्षरे तयार करणे

दोन्ही अक्षरे एकाच फॉन्टमध्ये घ्यावीत. नोटो सान्स देवनागरी हा मुक्त फॉन्ट सोयीचा आहे. अक्षराची प्रतिमा ४० गुणिले ४० घरांच्या जाळीवर काळ्या-पांढऱ्या घरांत उतरवावी. गोंधळ मिसळण्यासाठी ठरलेल्या प्रमाणातील घरे यादृच्छिक रीतीने निवडून त्यांचा रंग उलटवावा, म्हणजे काळे घर पांढरे आणि पांढरे घर काळे करावे. निम्मी घरे उलटली की प्रतिमेत काहीच माहिती उरत नाही, त्यामुळे ५० टक्के ही नैसर्गिक कमाल मर्यादा मिळते. घरे पडद्यावर सुटी दिसतील इतकी मोठी हवीत. ती फार बारीक असली तर डोळा शेजारच्या घरांची सरासरी करून टाकतो आणि ४० टक्के गोंधळातही अक्षर सहज वाचता येते. प्रत्येक फेरीत, म्हणजे एकदा अक्षर दाखवून उत्तर घेताना, गोंधळाचा नवा नमुना तयार करावा, नाहीतर सहभागी माणूस अक्षराऐवजी विशिष्ट डागच लक्षात ठेवतो.

फरक अक्षराच्या वरच्या भागात एकवटलेला असल्यामुळे सहभागी फक्त तिथेच नजर लावून बसतील, हे उघड आहे. त्यात गैर काही नाही, परंतु आपण ‘अक्षर ओळखणे’ मोजतो आहोत की ‘शिरोरेषेतील तूट शोधणे’, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. अक्षर दर फेरीला पडद्यावर थोडे इकडे-तिकडे सरकवले तर हा परिणाम बराच कमी होतो.

अक्षर किती वेळ दाखवावे, हे पडद्याच्या गतीवर ठरते. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणून वेळ नेहमी फ्रेममध्ये ठरवावा: तीन फ्रेम म्हणजे ५० मिलिसेकंद, सहा फ्रेम म्हणजे १००. अक्षर गेल्यावर लगेच त्याच जागी निव्वळ गोंधळाची प्रतिमा दाखवल्यास डोळ्यांत रेंगाळणारा ठसा पुसला जातो. अक्षर इतक्या लवकर नाहीसे होते, तर पुराव्याचा वेगही मध्येच थांबायला नको का, अशी शंका येथे रास्त आहे. रॅटक्लिफ आणि जेफ्री राउडर यांनी २००० मध्ये असाच अक्षरांचा प्रयोग तपासला, तेव्हा वेग स्थिर मानणारे मॉडेल निकालांशी अधिक जुळले. क्षणभर टिपलेली माहिती अल्पकालीन दृश्य स्मृतीत टिकून राहते आणि निर्णयाला पुरावा पुरवत राहते, असा त्याचा अर्थ लावला जातो.

प्रयोगाची मांडणी

गोंधळाच्या चार पातळ्या घ्याव्यात. कोणत्या घ्यायच्या हे चार-पाच जणांवर आधी चाचपून पाहावे आणि अचूकता साधारण ६० ते ९५ टक्क्यांच्या दरम्यान पसरेल अशा निवडाव्यात. सूचना दोन प्रकारच्या असाव्यात: ‘शक्य तितके लवकर उत्तर द्या’ आणि ‘शक्य तितके बिनचूक उत्तर द्या’. पातळी आणि सूचना यांच्या प्रत्येक जोडीला १०० फेऱ्या धरल्या तर एका व्यक्तीच्या ८०० फेऱ्या होतात. फेरीला सुमारे दोन सेकंद लागतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या आत काम होते. सराव, विश्रांती आणि सूचना धरून पाऊण तास राखून ठेवावा.

आता या मांडणीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय. गोंधळाच्या पातळ्या एकाच गटात, म्हणजे सलग घेतलेल्या फेऱ्यांच्या एका संचात, सरमिसळ कराव्यात, परंतु सूचना मात्र गटागटाने बदलाव्यात. अक्षर दिसण्यापूर्वी ते किती अस्पष्ट असेल हे सहभागीला ठाऊक नसेल, तर तो त्यानुसार आपला सावधपणा बदलू शकत नाही. म्हणून पातळ्यांमधील सगळा फरक पुराव्याच्या वेगाच्या पदरी टाकण्याचा अधिकार आपल्याला मिळतो. पातळ्या गटागटाने दिल्या तर कठीण गटात माणूस आपोआप सावध होतो, दोन प्राचल एकाच वेळी बदलतात आणि ते वेगळे काढणे अवघड होते.

प्रत्येक फेरीपूर्वी केंद्रबिंदू ४०० ते ८०० मिलिसेकंदांच्या बदलत्या अवधीसाठी दाखवावा, म्हणजे अक्षराची वेळ आधी ताडता येत नाही. निम्म्या सहभागींना ‘घ’साठी उजवी कळ आणि निम्म्यांना डावी कळ द्यावी. पडद्यावरील वेळेच्या काटेकोर नियंत्रणासाठी सायकोपाय हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मोबाइलच्या स्पर्शपडद्यावर हा प्रयोग करू नये, कारण स्पर्शाची नोंद होण्यातील विलंब प्रत्येक उपकरणात वेगळा असतो. सहभागींची लेखी संमती आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्यावी. त्यांच्या वाचनाच्या सवयीचीही नोंद ठेवावी: बडोद्यात वाढलेला मराठी माणूस गुजराती लिपीत शिकलेला असू शकतो आणि त्या लिपीत शिरोरेषा नसते, तेव्हा या विशिष्ट खुणेचा त्याचा सराव वेगळा असण्याची शक्यता आहे.

डेटा स्वच्छ करणे आणि पाहणे

०.२ सेकंदांपेक्षा कमी वेळात आलेली उत्तरे बहुधा अक्षर पाहून दिलेली नसतात. तरीही मर्यादा डोळे झाकून लावू नये. उत्तरे वेळेप्रमाणे क्रमाने लावावीत आणि सर्वांत जलद उत्तरांची अचूकता पाहावी. ती ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर ते अंदाजपंचे उत्तर होय, आणि अचूकता जिथून वर चढू लागते तिथे खालची मर्यादा ठेवावी. वरची मर्यादा अडीच-तीन सेकंद पुरते. सरासरीपासून ठराविक प्रमाण विचलनांबाहेरच्या नोंदी काढण्याचा रिवाज इथे घातक आहे, कारण प्रतिक्रियाकालाचे वितरण उजवीकडे लांबलेले असते आणि त्या लांब शेपटातच सावधपणाची माहिती दडलेली असते.

त्यानंतर कोणतेही मॉडेल लावण्याआधी बरोबर आणि चूक उत्तरांच्या वेळांचे १०, ३०, ५०, ७० आणि ९० वे शतमक (म्हणजे तितके टक्के उत्तरे ज्या वेळेच्या आत आली ती वेळ) प्रत्येक परिस्थितीसाठी काढून आलेखावर मांडावेत. साध्या मॉडेलमध्ये आरंभबिंदू बरोबर मध्यावर असेल, तर बरोबर आणि चूक उत्तरांच्या वेळांचे वितरण एकसारखे असते. प्रत्यक्षात तसे क्वचितच दिसते. बिनचूकपणावर भर दिला की चुका सहसा संथ असतात, आणि घाईच्या सूचनेत त्या सहसा जलद असतात. पहिल्याचे कारण असे मानले जाते की पुराव्याचा वेग फेरीगणिक बदलतो. कमी वेगाच्या फेऱ्या चुकतातही अधिक आणि रेंगाळतातही. दुसऱ्याचे कारण आरंभबिंदूची अस्थिरता. चुकीच्या उंबरठ्याजवळ सुरू झालेली बेरीज झटकन तिथेच टेकते. म्हणून पूर्ण मॉडेलमध्ये वेग, आरंभबिंदू आणि निर्णयेतर वेळ यांच्या फेरीगणिक चढउतारांचे तीन प्राचल अधिक असतात. आपल्या आलेखात चुका कोणत्या बाजूला झुकल्या आहेत, हे पाहूनच त्यांची गरज ठरवावी.

पहिला हिशेब हातानेच करावा

एरिक-यान वाखेनमाकर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘ईझी’ नावाची एक सोपी पद्धत दिली, जिला फक्त तीन आकडे लागतात: अचूकता, बरोबर उत्तरांचा सरासरी काळ आणि त्या काळांचे विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग. वेळ सेकंदांतच घ्यावा. अचूकतेला ‘प’ म्हणू आणि विचरणाला ‘व’. ‘प’ला (१ − प) ने भागून येणाऱ्या संख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम म्हणजे ‘ल’. आता (प² × ल − प × ल + प − ०.५) ला ‘ल’ने गुणून ‘व’ने भागावे आणि चौथे मूळ काढावे, तो पुराव्याचा वेग. ‘ल’ला या वेगाने भागले की उंबरठ्यांमधील अंतर मिळते. अंतराला वेगाच्या दुपटीने भागून (२प − १) ने गुणले की सरासरी निर्णयकाळ, आणि तो एकूण सरासरीतून वजा केला की निर्णयेतर वेळ.

आपल्या पहिल्या वाचकाचे आकडे घेऊ: अचूकता ०.८८१, सरासरी ०.५४० सेकंद, विचरण ०.०२१४. ‘ल’ येतो २. वेग येतो २, अंतर १, निर्णयकाळ ०.१९ आणि निर्णयेतर वेळ ०.३५ सेकंद. दुसऱ्याची अचूकता ०.९६१, सरासरी ०.७१९, विचरण ०.०६८१; त्याचा ‘ल’ ३.२, वेग पुन्हा २, अंतर १.६, निर्णयेतर वेळ तोच ०.३५. दोघांची दृष्टी सारखीच आहे. दुसऱ्याने उंबरठे दीडपटीहून थोडे अधिक लांब ठेवले आहेत.

एखाद्याची सगळी उत्तरे बरोबर आली तर ‘ल’ अनंत होतो. अशा वेळी अर्धी चूक धरण्याचा प्रघात आहे: १०० फेऱ्यांत अचूकता १ ऐवजी ०.९९५ घ्यावी. आणखी एक सावधगिरी: जुन्या लेखांत बेरजेत मिसळणाऱ्या यादृच्छिक गोंधळाचे प्रमाण ०.१ धरलेले असते, तर इथे ते १ आहे. त्यांचा वेग आणि अंतर दहाने गुणल्याशिवाय आपल्या आकड्यांशी तुलना करू नये.

संगणकावर चाल घडवणे

तयार सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी बेरजेची उंबरठ्यापर्यंतची ही चाल स्वतः लिहून पाहावी असा माझा आग्रह आहे, कारण तिच्याइतकी समज दुसऱ्या कशाने येत नाही. बेरीज अंतराच्या निम्म्यावर, म्हणजे ०.५ वर, सुरू करावी. दर मिलिसेकंदाला तिच्यात वेग गुणिले ०.००१ मिळवावे, आणि त्यासोबत सरासरी शून्य व प्रमाण विचलन १ असलेल्या प्रसामान्य वितरणातून काढलेली संख्या ०.००१ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ०.०३१६ ने, गुणून मिळवावी. बेरीज १ च्या वर गेली तर बरोबर, शून्याखाली गेली तर चूक; झालेल्या पायऱ्या मोजून त्यात ०.३५ सेकंद मिळवावेत. वेग २ असताना एका पायरीतील खरा कल ०.००२ आणि गोंधळ मात्र ०.०३१६, म्हणजे जवळजवळ सोळापट असतो. तरीही दहा हजार फेऱ्या चालवल्या की सुमारे ८८ टक्के बरोबर येतात. सुट्या पायऱ्यांमुळे बेरीज उंबरठ्याच्या किंचित पलीकडे उडी मारते आणि वेळ व अचूकता थोडी फुगते. पायरी दहापट लहान करून हा फरक तपासावा.

पूर्ण जुळवणी

प्रत्येक नोंदीची संभाव्यता मॉडेलनुसार काढून ती एकत्रितपणे कमाल होईल असे प्राचल शोधणे, ही पूर्ण जुळवणी. डॅनिएल नॅव्हारो आणि इयान फस यांनी २००९ मध्ये दिलेल्या जलद सूत्रामुळे ही गणना आता साध्या संगणकावरही होते. पायथनसाठी एचडीडीएम आणि पायडीडीएम ही साधने आहेत, आणि स्टॅन या सांख्यिकी मॉडेलांच्या भाषेत या वितरणाचे फलन तयार मिळते. दर व्यक्तीच्या फेऱ्या कमी असतील तर श्रेणीबद्ध बेझियन पद्धत निवडावी. तिच्यात प्रत्येक व्यक्तीचा अंदाज गटाच्या आधाराने सावरला जातो. थोड्या नोंदी मॉडेलबाहेरच्या आहेत असे मानून त्यांच्यासाठी काही टक्के जागा ठेवावी, नाहीतर एखादी भरकटलेली जलद नोंद निर्णयेतर वेळ खाली ओढते.

कोणते प्राचल कशासाठी मोकळे सोडायचे, हे आकडे पाहण्याआधी लिहून ठेवावे. गोंधळाच्या पातळीनुसार फक्त वेग बदलेल. सूचनेनुसार अंतर बदलेल. मात्र घाईच्या सूचनेने निर्णयेतर वेळही आणि कधी वेगही बदलल्याचे आढळले आहे, म्हणून तेही मोकळे सोडलेले पर्यायी मॉडेल लावून तुलना करावी. पूर्वकल अभ्यासायचा असेल, उदाहरणार्थ एखाद्या गटात ७० टक्के अक्षरे ‘घ’ ठेवून, तर उंबरठ्यांना ‘बरोबर’ आणि ‘चूक’ अशी नावे न देता ‘घ’ आणि ‘ध’ अशीच द्यावीत. बरोबर-चूक अशी नोंद केली की एका अक्षराकडचा कल गणितातूनच नाहीसा होतो. विद्यार्थ्यांचे काम इथे सर्वाधिक वेळा फसते.

चार पातळ्यांना चार स्वतंत्र वेग देण्याऐवजी आणखी एक पाऊल पुढे टाकता येते. उलटलेल्या घरांचे प्रमाण ‘ग’ असेल, तर प्रतिमेत उरलेला संकेत सरासरीने (१ − २ग) एवढा असतो. मग वेग हा एका स्थिरांकाचा आणि (१ − २ग) चा गुणाकार आहे, असे धाडसी विधान करून पाहावे. स्थिरांक ५ आणि अंतर १ धरले तर २०, ३०, ४० आणि ४५ टक्के गोंधळाला वेग ३, २, १ आणि ०.५ येतात, अपेक्षित अचूकता अनुक्रमे ९५, ८८, ७३ आणि ६२ टक्के, आणि सरासरी काळ ०.५०, ०.५४, ०.५८ आणि ०.५९ सेकंद. स्थिरांक, अंतर आणि निर्णयेतर वेळ (इथेही ०.३५ सेकंद) या तीनच प्राचलांतून आठ आकड्यांचे भाकीत निघते, आणि ते चुकले तरी त्यातून शिकायला मिळते. कठीण पातळीवर लोक याहून खूप अधिक रेंगाळत असतील, तर उंबरठा किंवा वेग स्थिर असल्याचे गृहीतकच तपासायला हवे. अचूकता मधल्या पातळ्यांवर एकाच दिशेने हुकत असेल, तर (१ − २ग) वर एखादा घातांक लावून दृष्टीचा प्रतिसाद सरळ रेषेत नाही, ही शक्यता पाहावी.

मॉडेलची परीक्षा

प्राचल माहीत असलेला कृत्रिम डेटा आपल्याच प्रयोगाच्या फेऱ्यांइतका तयार करून त्यावर तीच जुळवणी चालवावी. घातलेले आकडे परत मिळत नसतील, तर खऱ्या डेटावरील आकड्यांवर विश्वास ठेवायला काहीच आधार नाही. ही तपासणी प्रयोगाच्या आधी करावी, म्हणजे फेऱ्या वाढवायला वाव राहतो. मुख्य चार प्राचल सहसा नीट परत मिळतात. फेरीगणिक चढउतारांचे तीन प्राचल मात्र शंभर-दोनशे फेऱ्यांत डळमळीतच राहतात आणि त्यांवर निष्कर्ष उभारू नयेत. जुळवणी झाल्यावर मिळालेल्या प्राचलांपासून पुन्हा डेटा निर्माण करून त्याची पाचही शतमके खऱ्या आलेखावर ठेवावीत. सरासरी जुळली आणि ९० वे शतमक हुकले, तर जुळवणी अपुरी आहे.

प्राचलांचा अर्थ लावताना कामाचे स्वरूप विसरू नये. रॅटक्लिफ, अंजली थापर आणि गेल मॅकून यांच्या अभ्यासांत वयस्कर लोकांचा संथपणा बराचसा लांब उंबरठ्यांतून आणि वाढलेल्या निर्णयेतर वेळेतून आलेला दिसला. परंतु क्षणभर दाखवून झाकलेल्या अक्षरांच्या २००३ मधील प्रयोगात त्यांचा पुराव्याचा वेगही कमी आढळला. एका कामातील निष्कर्ष दुसऱ्या कामाला तसाच लावता येत नाही.

दोनांहून अधिक अक्षरे

‘भ’ आणि ‘म’ ही जोडीही याच खुणेवर वेगळी होते, तेव्हा चार अक्षरांचा प्रयोग स्वाभाविकपणे सुचतो. दोन उंबरठ्यांची चाल तिथे पुरत नाही. स्कॉट ब्राउन आणि अँड्र्यू हीथकोट यांच्या २००८ च्या मॉडेलमध्ये प्रत्येक उत्तराचा स्वतंत्र धावपटू असतो. तो यादृच्छिक आरंभापासून सरळ रेषेत धावतो आणि पहिला पोहोचणारा जिंकतो. वेग मुळात येतो कुठून, या प्रश्नाला रॉबर्ट नोसोफ्स्की आणि थॉमस पाल्मेरी यांनी १९९७ मध्ये उत्तर दिले: समोरची प्रतिमा स्मृतीतील पूर्वीच्या नमुन्यांशी किती मिळतीजुळती आहे, यावर प्रत्येक पाऊल कोणत्या बाजूला पडेल हे ठरते, आणि साम्य अंतरानुसार घातांकी गतीने घटते. चार अक्षरांच्या जाळ्यांमध्ये किती घरे वेगळी आहेत हे मोजून त्या अंतरांवरून चारही वेगांचे भाकीत करावे आणि ‘घ’ची चूक ‘ध’कडे किती वेळा जाते, ‘म’कडे किती वेळा जाते, याच्या तक्त्याशी ते ताडून पाहावे. यात सगळ्या घरांना सारखे वजन देऊन एकदा आणि शिरोरेषेच्या पट्टीतील घरांना अधिक वजन देऊन दुसऱ्यांदा हिशेब करावा. दुसरा हिशेब चुकांच्या तक्त्याशी अधिक जुळला, तर वाचकाची नजर अक्षराच्या डोक्यावर खिळलेली असते याचा तो मोजलेला पुरावा होईल.